पापणीवर शौर्यचक्राचे रंग: हुतात्म्यांना मेकअपमधून मानवंदना देताना

२६ जुलैचा कारगिल विजय दिवस, १५ ऑगस्ट, गणपतीतली वेशभूषा स्पर्धा आणि आपल्या ग्वाल्हेरात या सगळ्याच्या आधी येणारा १८ जून, राणी लक्ष्मीबाईंचा स्मृतिदिन. हे दिवस जवळ आले की मेकअपची हौस असलेल्यांचे हात शिवशिवतात. पुढे काय होतं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय: दोन्ही गालांवर तिरंगा, कपाळावरून लाल रंगाचा ओघळ, डोळ्यांखाली ग्लिसरीनचे अश्रू. करणाऱ्याच्या भावनेबद्दल शंका नाही. पण समोर बसलेल्याला तो चेहरा बघून कुठला सैनिक आठवावा? कुठलाच आठवत नाही.

काजळ-लिपस्टिकच्या पुढे फारसं काही केलेलं नाही आणि तरीही एखाद्या हुतात्म्याच्या आठवणीत चेहऱ्यावर काही करून बघायचंय, अशांसाठी हे लिहिते आहे. माझं म्हणणं एवढंच की एक माणूस निवडा, त्याच्याबद्दलची एक खरी गोष्ट निवडा, आणि चेहऱ्यावर तेवढीच ठेवा. बाकीचं सगळं पुसून टाकायला शिकलात की अर्धा मेकअप झाला.

आधी माणूस, मग ब्रश

रंगाची पेटी उघडायच्या आधी कागद घ्या. नाव, हुद्दा, पलटण, तारीख, ठिकाण, मिळालेलं पदक एवढं लिहा. संरक्षण मंत्रालयाच्या शौर्यपुरस्कारांच्या संकेतस्थळावर पदकविजेत्यांची माहिती मिळते, ती आधी वाचा. व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या मजकुरावर मेकअप बेतू नका. त्यात फोटो एकाचा आणि पराक्रम दुसऱ्याचा असं सर्रास होतं.

मेजर सोमनाथ शर्मांचं उदाहरण घ्या. कुमाऊं रेजिमेंटच्या चौथ्या बटालियनचे हे अधिकारी ३ नोव्हेंबर १९४७ला काश्मीरमधल्या बडगामला लढताना गेले. हात प्लास्टरमध्ये असूनही ते लढाईच्या आघाडीवर गेले होते आणि मशीनगन चालवणाऱ्यांना मॅगझिन भरून देत होते. देशाचं पहिलं परमवीरचक्र त्यांना मरणोत्तर मिळालं. आता तुमच्याकडे दोन गोष्टी आल्या, एक पदक आणि एक प्लास्टर. डोळ्यांवर पदकाचा रंग आणि मनगटावर पांढरी पट्टी, एवढ्यात मानवंदना पुरी होते. गालावर रणगाडा काढायची गरज नाही.

हुतात्मा अलीकडचा असेल, त्याचं घर आपल्याच शहरात असेल, तर घरच्यांना आधी विचारा. कार्यक्रमाला वीरमाता किंवा वीरपत्नी येणार असेल तर विचारायलाच हवं, आणि त्यांनी "नको" म्हटलं तर का म्हणून विचारू नका. त्या सैनिकाचा चेहरा गालावर काढायचा मोह तर मुळीच नको. माणूस हसला की गाल हलतो आणि त्यावरचा चेहरा वेडावाकडा होतो. आईनं ते का बघावं?

काय टाळायचं

रक्त नको, गोळीची खूण नको. सैनिक कसा जगला, कशासाठी उभा राहिला हे दाखवता येतं. त्याची जखम दाखवली की बघणाऱ्याचं लक्ष मेकअपच्या कसबावर जातं, सैनिकावर राहत नाही.

तिरंग्याचं काय? राष्ट्रीय प्रतीकांच्या अपमानाबद्दलच्या १९७१च्या कायद्यानुसार झेंडा कमरेखालच्या पोशाखावर वापरता येत नाही, त्यावर काही लिहिताही येत नाही. क्रिकेटच्या मॅचला लोक गाल रंगवतात हे मलाही दिसतं. तरी अशोकचक्रासकट पूर्ण झेंडा चेहऱ्यावर काढू नये असंच मी सांगेन. जूनच्या घामात तो हनुवटीपर्यंत उतरतो, आणि रात्री तुम्ही तोच झेंडा कापसानं पुसून कचऱ्याच्या डब्यात टाकता. केशरी किंवा हिरव्या रंगाची एखादी रेघ घेतली तर हा प्रश्नच येत नाही.

गणवेशाबद्दलही जपा. सैनिक असल्याचा भास व्हावा अशा हेतूनं लष्करी पोशाख किंवा चिन्हं वापरणं गुन्हा आहे. नाटकात, शाळेच्या मंचावर हेतू वेगळा असतो. पण तो पोशाख घालून इथल्या मुरारच्या लष्करी छावणीच्या रस्त्यावर फोटो काढत हिंडायचं नसतं.

सामान

सुरुवातीला थोडंच घ्या: पाण्यानं ओला करून लावायचा फेस पेंट (पांढरा, केशरी, गडद निळा, हिरवा, जांभळा), मॅट आयशॅडोची एक लहान पेटी, पांढरी आय पेन्सिल, त्वचेच्या रंगाचा कन्सीलर (डाग झाकणारं क्रीम), अर्धपारदर्शक पावडर, सेटिंग स्प्रे (मेकअप टिकवणारा फवारा), एक चपटा ब्रश, एक शून्य नंबरचा बारीक ब्रश, दोन स्पंज आणि औषधाच्या दुकानात मिळणारी कागदी मायक्रोपोर टेप. ग्वाल्हेरच्या महाराज बाड्याच्या आसपासच्या गल्ल्यांत फिरलात तर यातलं बहुतेक मिळेल. फेस पेंट मात्र पाकिटावरची तारीख आणि "त्वचेसाठी" असं लिहिलेलं बघूनच घ्या.

पोस्टर कलर, अॅक्रिलिक, रंगपंचमीचा उरलेला गुलाल यांपैकी काहीही चेहऱ्यावर लावू नका. हस्तकलेच्या दुकानातली चमकी डोळ्याजवळ नेऊ नका. तिचे कण टोकदार असतात आणि बुबुळाला ओरखडा पडू शकतो.

आदल्या दिवशी प्रत्येक रंगाचा एक ठिपका कोपराच्या आतल्या बाजूला लावून ठेवा. २४ तासांत खाज, लाली, पुरळ काही नाही तर पुढे जा. लाल आणि जांभळ्या रंगांच्या बाबतीत ही पायरी अजिबात गाळू नका. हेच रंग त्रास देतात आणि डागही सोडतात.

एकाच मंडळातल्या पाच-सहा जणींचा मेकअप असेल तर काजळ आणि मस्कारा प्रत्येकीनं स्वतःचा आणावा. पावसाळ्याच्या तोंडावर डोळे येण्याची साथ असतेच, तिला आपण वाहन पुरवायला नको.

पदकांच्या फितींचे डोळे

नवशिक्यांसाठी मला सगळ्यात आवडणारा प्रकार हाच. प्रत्येक शौर्यपदक ज्या फितीला लावलेलं असतं तिचे रंग ठरलेले आहेत, आणि ते पापणीवर नेमके बसतात. ज्याला ओळखता येतं तो बघताक्षणी ओळखतो, ज्याला येत नाही तो विचारतो. आणि त्यानं विचारलं की तुम्हाला त्या माणसाचं नाव घ्यायला मिळतं.

परमवीरचक्राची फीत पूर्ण जांभळी. महावीरचक्राची अर्धी पांढरी, अर्धी केशरी. वीरचक्राची अर्धी गडद निळी, अर्धी केशरी. ही तीन पदकं शत्रूसमोरच्या पराक्रमाची. उरलेली तीन हिरव्या फितीवरची: अशोकचक्राला मधोमध एक केशरी रेघ, कीर्तिचक्राला दोन, शौर्यचक्राला तीन.

परमवीरचक्राच्या पदकाची रचना सावित्रीबाई खानोलकरांची. जन्मानं त्या स्वित्झर्लंडच्या, नाव इव्ह. विक्रम खानोलकर या मराठी लष्करी अधिकाऱ्याशी लग्न करून त्या इथल्या झाल्या. पदकावर इंद्राचं वज्र चार वेळा कोरलेलं आहे, कारण वज्रासाठी दधीची ऋषींनी आपली हाडं दिली. पहिलं परमवीरचक्र ज्यांना मिळालं ते सोमनाथ शर्मा सावित्रीबाईंच्या मुलीच्या सासरचे, नात्यानं तिचे दीर. हा योगायोग मला दर वेळी थांबवतो.

आता हाताला काम.

चेहरा धुवा, हलकं मॉइश्चरायझर लावा आणि ते मुरू द्या. फाउंडेशन पातळ ठेवा, आपल्याच रंगाचं. पापणीवर कन्सीलरचा पातळ थर, त्यावर पावडर.

परमवीरचक्रासाठी जांभळा रंग गव्हाळ किंवा सावळ्या त्वचेवर सरळ लावलात तर तो करडा, मळका दिसतो. म्हणून जिथे जांभळा हवा तिथे आधी पांढरी पेन्सिल फिरवा आणि बोटानं सारखी करा. मग चपट्या ब्रशनं मॅट जांभळा रंग थापा. घासू नका, घासलं की खालचा पांढरा वर येतो. पापणीच्या केसांपासून घडीपर्यंत एवढीच जागा भरायची. मधूनमधून डोळा उघडून आरशात बघा, कारण मिटलेल्या डोळ्यावर सुरेख दिसणारी पट्टी उघडल्यावर घडीत नाहीशी होते. तसं झालं तर रंग घडीच्या किंचित वर न्या.

फितीची कड सरळ असते, म्हणून इथे रंग वर विरवत न्यायचा नाही. बाहेरच्या कोपऱ्याला खालच्या पापणीपासून भुवईच्या टोकाच्या दिशेनं टेप लावा. टेप आधी हाताच्या पाठीवर दोनदा चिकटवून काढा म्हणजे तिचा चिकटपणा कमी होतो आणि डोळ्याजवळची नाजूक त्वचा ओढली जात नाही.

पदक काशाचं असतं. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात न चमकणाऱ्या तपकिरी-तांबूस रंगाचा एकच ठिपका द्या. हात स्थिर असेल तर बाहेरच्या कोपऱ्याखाली वज्राच्या चार बारीक रेघा काढा, नसेल तर सोडून द्या. ओठ जवळपास स्वतःच्याच रंगाचे. गालावर लाली नको.

तयार जांभळा मिळाला नाही आणि मिसळून करायचा असेल तर निळ्यात किरमिजी लाल घाला. शेंदरी छटेचा लाल घातलात तर तपकिरी होईल आणि मग कितीही निळा ओतला तरी सुधारणार नाही.

महावीरचक्र आणि वीरचक्र यांना दोन रंगांच्या मधली रेघ सांभाळायची असते. पापणीच्या बरोबर मध्यावर उभी टेप लावा. आधी फिकट रंग: महावीरचक्रात पांढरा, वीरचक्रात केशरी. तो वाळला की वर पावडर, मग टेप उलट बाजूला आणि गडद रंग. वीरचक्रात हे जास्त जपायचं, कारण निळा आणि केशरी एकमेकांत मिसळले की चिखल होतो. फेस पेंटमध्ये पाणी बेतानं घ्या. तो ताकासारखा वाहता नको, घट्ट दह्यासारखा हवा.

हिरव्या फितींमध्ये नवशिके एक चूक हमखास करतात. आधी सगळी पापणी हिरवी करतात आणि वर केशरी रेघ ओढतात. पाण्याचा पेंट ओला ब्रश लागताच पुन्हा विरघळतो आणि रेघ शेवाळी होते. उलट करा. आधी केशरी रेघा काढा, वाळू द्या, मग त्यांच्या दोन्ही बाजूंनी हिरवा भरा. शौर्यचक्राच्या तीन रेघा लहान पापणीवर मावत नाहीत. तेव्हा दोन बोटं रुंद पट्टी गालाच्या हाडावरून कानशिलाकडे न्या. साताऱ्याचे कर्नल संतोष महाडिक नोव्हेंबर २०१५मध्ये कुपवाड्यात हुतात्मा झाले, त्यांना हेच पदक मरणोत्तर मिळालं. पुढे त्यांच्या पत्नीही सैन्यात अधिकारी झाल्या. त्यांच्यासाठी मेकअप करायचा तर तीन केशरी रेघा पुरेत.

७ डिसेंबरच्या सशस्त्र सेना ध्वजदिनासाठी सोपी युक्ती: लाल, गडद निळा आणि आकाशी या तीन दलांच्या रंगांच्या तीन बारीक रेघा कानशिलावर काढा. दहा मिनिटांचं काम आहे.

कॅमोफ्लाजचे पट्टे शक्यतो नकोत. सैनिक ते सजायला लावत नाहीत. पण त्यातली गंमत मेकअप करणाऱ्यानं जाणून घ्यावी अशी आहे. आपण कंटूर करताना नाक, कपाळ, गालाची हाडं उजळ करतो आणि खळगे गडद. सैनिक बरोबर उलट करतो. जे भाग चमकतात ते गडद, जे सावलीत आहेत ते फिकट, म्हणजे चेहरा चेहऱ्यासारखा दिसतच नाही.

१८ जूनची राणी

कोटा-की-सरायजवळच्या लढाईत राणी लक्ष्मीबाई पडल्या. इंग्रजी नोंदींत दिवस बहुधा १७ जून १८५८ येतो, आपण १८ जून पाळतो. फूलबागेतली समाधी आणि घोड्यावरचा पुतळा आपल्या रोजच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर आहे. त्यामुळे ग्वाल्हेरच्या मराठी मुलीला राणी व्हायचं म्हणजे परक्या कुणाची भूमिका करायची नाही. म्हणूनच ती नीट करावी.

शाळेच्या गॅदरिंगमधली राणी तुम्ही पाहिली असेल: गोरापान चेहरा, मोठी नथ, लालभडक लिपस्टिक, पाठीला बाहुली. यातलं जवळजवळ सगळं काढून टाकायचंय.

गोरेपणा आधी काढा. जॉन लँग नावाचा वकील १८५४मध्ये झाशीला राणीला भेटला होता. त्यानं लिहून ठेवलंय की त्या फार गोऱ्या नव्हत्या, सावळ्याही नव्हत्या. डोळे विशेष सुंदर, नाक रेखीव, अंगावर साधं पांढरं मलमलीचं वस्त्र आणि दागिन्यांत फक्त कानातलं सोनं. म्हणजे तुमचा रंग गव्हाळ असेल तर तो तसाच ठेवा. सगळं कसब डोळ्यांवर लावा.

नथ काढा. राणीचे पती गंगाधरराव २१ नोव्हेंबर १८५३ला गेले. त्यानंतर राणीनं नथ घातली नाही असं गोडसे भटजींनी लिहिलंय, आणि ते त्या काळात झाशीत राहिलेले गृहस्थ होते. मंगळसूत्रही अर्थात नाही. "राणी अशी भकास कशी?" असं आजी विचारेल, तिला हे सांगा. बाहुलीही नको. राणीचा दत्तक मुलगा दामोदरराव १८५८मध्ये आठ-नऊ वर्षांचा होता, तान्हं बाळ नव्हे.

मग उरतं काय? एप्रिलच्या सुरुवातीला झाशी सोडून, काल्पीमार्गे, उन्हातान्हात घोडा दामटत आलेली, त्या दिवशी घोडेस्वाराच्या वेशात असलेली बाई. मेकअप त्या प्रवासाचा करायचा.

नाकाचा उंचवटा, गालाची हाडं आणि कपाळाचा वरचा भाग, म्हणजे ऊन जिथे आधी पोचतं तिथे, विटकरी-तपकिरी रंग स्पंजनं टिपून लावा. फेट्याच्या कडेखाली एक फिकट पट्टी सोडा, तिथे ऊन लागत नाही. अर्धपारदर्शक पावडरमध्ये चिमूटभर मातकट आयशॅडो मिसळा आणि मऊ ब्रशनं भुवयांवर, केसांच्या कडेला, मानेवर झटका. ही धूळ. ओठांवर लिपस्टिकऐवजी थोडा कन्सीलर, वर पावडर, आणि बारीक ब्रशनं दोन-तीन उभ्या रेघा. ओठ कोरडे दिसतात. काजळ बारीक लावा आणि बोटानं किंचित पसरवा, जणू कालचं आहे. भुवया कोरू नका. कपाळावर दोन भुवयांच्या मध्ये उभी पुसट सावली दिली की नजर आपोआप कठोर होते. फेटा साधा, तुरा-मोत्यांचा लखलखाट नको.

राणीच्या देहाचं रक्षण आणि दहन गंगादासांच्या आश्रमातल्या साधूंनी केलं असं आपल्याकडे मानतात. गटानं सादरीकरण असेल तर एखाद्या मुलाला साधू करता येईल. भस्मासाठी खरी राख वापरू नका, घामानं चरचरते. पांढऱ्यात थेंबभर काळा मिसळून पाण्याचा पेंट लावा आणि वाळल्यावर कोरड्या ब्रशनं घासा, तो हवा तसा फाटतो.

मुलांना शिंद्यांच्या घरातला वीर करायचा असेल तर १० जानेवारी १७६०ला दिल्लीजवळच्या बुराडी घाटावर पडलेले दत्ताजी शिंदे आहेतच. तिथे मेकअप कमी, मिशा जास्त. क्रेपच्या (नकली केसांच्या) मिशा स्पिरिट गमनं (मेकअपच्या डिंकानं) चिकटवा, आणि तो गम काढायचं रिमूव्हर आधी विकत घ्या. ओढून काढलेली मिशी मुलगा जन्मभर विसरत नाही.

उन्हात टिकवायचं कसं

जूनमध्ये इथे पारा ४४-४५च्या घरात जातो आणि दुपारी लू, म्हणजे भाजणारा गरम वारा, वाहते. क्रीमचा जाड थर अशा वेळी टिकत नाही. पातळ थर, पावडर, पुन्हा पातळ थर, शेवटी स्प्रे, हा क्रम ठेवा. घाम आला की टिश्यू दाबून उचला, पुसू नका. कार्यक्रम संध्याकाळी असेल तर मेकअप दुपारी चारच्या आधी सुरू करू नका, आणि तोवर सनस्क्रीन विसरू नका. ते मॉइश्चरायझरनंतर, रंगाच्या आधी लावायचं.

मंचावरच्या पिवळ्या दिव्यांत केशरी फिकट पडतो आणि गडद निळा काळा दिसतो. म्हणून वीरचक्राचा निळा घरी जरा उजळच घ्या. शक्य असेल तर मोबाइलनं त्याच दिव्याखाली एक फोटो काढून बघा. सोबत एक लहान कागद ठेवा, त्यावर हुतात्म्याचं नाव, पलटण, तारीख. सूत्रसंचालकानं ते वाचावं असं आधीच सांगून ठेवा, नाहीतर तो "आता आपल्यासमोर एक सुंदर लूक" म्हणून मोकळा होतो. समाधीपाशी फोटो काढायचा असेल तर ओठांचे चंबू करायची ती जागा नाही, एवढंच म्हणते.

उतरवताना

पाण्याचा पेंट आधी तेलानं सैल करा. खोबरेल किंवा बदामाचं तेल कापसावर घेऊन पापणीवर थोडा वेळ धरून ठेवा, मग वरून खाली पुसा. त्यानंतर फेसवॉश. जांभळ्याची किंवा लालची छटा पापणीवर उरलीच तर घासत बसू नका. पुन्हा तेल लावा, एक-दोन दिवसांत ती जाते. ब्रश सौम्य शॅम्पूनं धुऊन आडवे वाळवा. उभे ठेवलेत तर पाणी दांड्यात उतरतं आणि पुढच्या कार्यक्रमाला ऐन वेळी केस गळायला लागतात. उरलेल्या पेंटची डबी तिचा ओलावा पुरता सुकल्याशिवाय बंद करू नका, पावसाळ्यात तिला बुरशी धरते.